स्कॉटची पत्रं, लंडनची छत्री आणि आपला राजाबाई टॉवर

गेल्या महिन्यात कमिटीचं सातवं पत्र आलं. म्हणजे ईमेलच, पण सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून जोडलेला, कारण त्या घराण्यात अजूनही कागदावरच्या शब्दालाच मान आहे आणि मला ते मनापासून आवडतं. एका जुन्या संस्थानिक घराण्यातल्या आईसाहेबांची छत्री, म्हणजे स्मारक, बांधायचं काम आहे, गावाबाहेर ओढ्याकाठी, आधीच्या दोन छत्र्यांच्या शेजारी. जागा लहान, बजेट त्याहून लहान, पण आर्किटेक्ट म्हणून माझ्या वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमधलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम. सातव्या पत्रात तीनच गोष्टी होत्या. कळस थोडा उंच हवा, जोत्याला दुसरा दगड चालेल का ते कळवावे, आणि आईसाहेबांची मूर्ती बसलेली असावी की उभी याबद्दल घरात अजून एकमत नाही. मूर्तीबद्दलचं हे वाक्य पाचव्या पत्रातही होतं, जसंच्या तसं.

पत्र वाचलं आणि उत्तर लिहायला बसले तर काही सुचेना. मग त्या रात्री मी परत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज आर्किटेक्टकडे वळले. परत म्हणते कारण हा माणूस माझ्या मागे जेजेला होते तेव्हापासून लागलाय. फर्स्ट इयरला आम्हाला ओव्हल मैदानावर बसवून राजाबाई टॉवरचं स्केच करायला लावायचे, तेव्हा सर एकदा सहज बोलून गेले की हे ज्याने काढलं तो मुंबईत कधी आलाच नाही, लंडनहून ड्रॉइंग पाठवली फक्त. मी पेन्सिल खाली ठेवून कितीतरी वेळ नुसती वर बघत बसले होते. ज्याला हा पाऊस माहीत नाही, हे ऊन माहीत नाही, त्याने हे काढलं कसं? आणि काढलं ते इथे उभं कुणी केलं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खूप नंतर मिळालं, त्याबद्दल पुढे.

पण त्याच वर्षांमध्ये स्कॉटच्या टेबलावर दुसरं एक काम होतं, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं, ते म्हणजे लंडनचं अल्बर्ट मेमोरियल. त्याची गोष्ट नीट पाहिली तर ती दगडाइतकीच पत्रांची गोष्ट आहे.

१४ डिसेंबर १८६१ ला विंडसरला राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला. वय फक्त ४२, डॉक्टरांनी टायफॉइड सांगितलं. राणी त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं जगली आणि शेवटपर्यंत काळी किनार असलेल्या कागदावरच पत्रं लिहीत राहिली. आपल्याकडे मृत्यूची बातमी देणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, ते कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचून लगेच फाडून टाकायचं अशी पद्धत होती, माझी आजी तर असं कार्ड उंबऱ्याच्या आतसुद्धा घेत नसे. आणि इथे एक बाई चाळीस वर्षं तोच सुतकाचा कागद वापरत राहिली. स्मारकाचा सगळा पत्रव्यवहार त्या किनारीच्या आत झालाय हे लक्षात ठेवून वाचलं की प्रत्येक साध्या सूचनेचं वजन बदलतं. "उंची किती?" हा प्रश्न मग उंचीबद्दलचा राहत नाही.

यातली सगळ्यात चटका लावणारी चिठ्ठी मात्र खुद्द अल्बर्टची आहे, १८५३ सालची. लंडनमध्ये १८५१ ला भरलेल्या जंगी औद्योगिक प्रदर्शनाची आठवण म्हणून काहीतरी उभारू आणि त्यावर तुमचा पुतळा ठेवू असा विषय निघाला होता तेव्हा त्याने कळवलं की मला खरंच त्यात मध्यभागी बसवू नका, हाइड पार्कमध्ये घोड्यावरून फेरफटका मारताना माझाच चेहरा माझ्याकडे टक लावून बघतोय हे मला सोसणार नाही, आणि आपली बहुतेक स्मारकं होतात तसं ते कुरूप झालं तर माझ्या पुतळ्याला लोक कायमचे हसत राहतील. किती स्वच्छ सांगितलंय. आणि शेवटी झालं काय, तर तो ज्या रस्त्यावरून रपेट करायचा तिथून जवळच १७६ फूट उंचीची सोन्याने मढवलेली छत्री उभी राहिली आणि तिच्यात तोच बसला. स्मारक कधीच गेलेल्या माणसाचं नसतं, मागे राहिलेल्यांचं असतं, हे मला आईसाहेबांच्या कामातसुद्धा रोज दिसतं. त्यांनी स्वतः काय सांगून ठेवलं होतं हे कमिटीत कुणी विचारलेलं नाही, मीही विचारलं नाही, हे लिहिताना आत्ता जाणवतंय.

अल्बर्ट गेल्यावर महिन्याभरातच लंडनच्या मॅन्शन हाउसमध्ये सभा झाली, लॉर्ड मेयर विल्यम क्युबिट यांच्या पुढाकाराने वर्गणी सुरू झाली. राणीने चार जणांची कमिटी केली, क्युबिट, अर्ल ऑफ डर्बी, अर्ल ऑफ क्लॅरेंडन आणि चित्रकार सर चार्ल्स ईस्टलेक. राणीच्या मनात होतं ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा उंचच उंच खांब, जोड नको, सांधा नको. माझ्या मते त्या हट्टात तिचं दुःख सगळ्यात स्पष्ट दिसतं, तिला तुकडे नको होते. स्कॉटलंडच्या मल बेटावर तेवढा मोठा ग्रॅनाइट मिळतो का याचा शोध घेतला, पण तेवढी एकसंध शिळा हाती लागण्याची खात्री देता येईना, शेवटी ती कल्पना सोडावी लागली. पुढे त्याच मलचा लाल ग्रॅनाइट स्कॉटने स्मारकाच्या खांबांमध्ये वापरला, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, राणीने मागितलेला दगड शेवटी तिथे आला, फक्त वेगळ्या रूपात.

मग निवडक आर्किटेक्टांकडून डिझाइनं मागवली. स्कॉट तेव्हा पन्नाशीचा, प्रचंड मोठं ऑफिस, इंग्लंडभर चर्चची कामं, पण मनात एक ताजी जखम. लंडनच्या फॉरेन ऑफिसचं काम त्याला मिळालं होतं, त्याने ते गॉथिकमध्ये, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीत, काढलं होतं, आणि पंतप्रधान पामरस्टनने सांगितलं की गॉथिक मला चालणार नाही, इटालियन पद्धतीचं करा. वर्षानुवर्षं वाद, पत्रं, शिष्टमंडळं, आणि शेवटी १८६१ मध्ये स्कॉट झुकला, क्लासिकल एलिव्हेशन काढून दिलं. काम सोडलं नाही. यावरून त्याला आजही बोल लावतात. मला नाही लावता येत, ज्याच्या ऑफिसचे पगार महिन्याच्या एक तारखेला जायचे असतात त्याला काय काय गिळावं लागतं ते मला माहिती आहे. पण त्यानंतर लगेच हे स्मारकाचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने गॉथिकच काढलं, आणि सोबत एक सविस्तर टिपण जोडलं, हे असंच का, हे समजावून सांगणारं.

त्या टिपणातली आणि नंतर त्याने आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवलेली मूळ कल्पना मला इतकी आपली वाटते की काय सांगू. तो म्हणतो, मध्ययुगातले सोनार संतांच्या अस्थींसाठी ज्या मौल्यवान पेट्या घडवायचे, सोनं, मीनाकारी, रत्नं लावून, त्या पेट्या म्हणजे इमारतींच्या प्रतिकृतीच असायच्या, फक्त तशा इमारती प्रत्यक्षात कुणी कधी बांधल्याच नव्हत्या. मी त्यातली एक खरोखरची बांधतो, म्हणाला. खाली पुतळा, वर चार खांबांवर छत. चर्चमध्ये वेदीवर असतं तसं छत, त्यांच्याकडे त्याला वेगळा शब्द आहे, पण रायगडावर सिंहासनाच्या जागेवर जी आहे ती मेघडंबरी डोळ्यांसमोर आणा म्हणजे झालं. गेलेल्या माणसावर सावली धरायची. आपल्याकडे तर स्मारकाचं नावच छत्री. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठवीत होते आणि आत पावसापासून वाचायला शिरले होते, त्यामुळे हा शब्द माझ्या डोक्यात कायमचा ओला आहे.

डिझाइनं राणीसमोर गेली, १८६३ मध्ये तिने स्कॉटचं निवडलं. संसदेने ५० हजार पौंड मंजूर केले, बाकी वर्गणी, एकूण खर्चाचा आकडा १ लाख २० हजार पौंडांच्या घरात. कॉन्ट्रॅक्टर जॉन केल्क यांनी नफा न घेता काम करायचं कबूल केलं. नुसत्या ड्रॉइंगवर भागेना म्हणून एक मॉडेल केलं, रंगवलेलं, सोनेरी, सगळ्या पुतळ्यांसकट, आणि ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे अजून आहे. ते बघताना वाटतं की खरी कल्पना हीच, हातभर अंतरावरून बघायची दागिन्यासारखी वस्तू, मोठं केल्यावर त्यातलं काहीतरी निसटलं.

आता पत्रांचं. स्कॉट राणीला थेट लिहीत नसे, तशी रीतच नव्हती. मध्ये कमिटी, आणि राणीच्या बाजूने लिहिणारे जनरल चार्ल्स ग्रे. हे ग्रे कोण, तर खुद्द अल्बर्टचे खाजगी सचिव, दहा-बारा वर्षं त्याचीच पत्रं सांभाळलेले. म्हणजे गेलेल्या माणसाचा पत्रव्यवहार बघणाराच आता त्या माणसाच्या स्मारकाचा पत्रव्यवहार बघत होता. मी यावर खूप वेळ अडकले होते. ग्रेंनी खांबाच्या जाडीबद्दल काही कळवलं असेल तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल? कामाच्या पत्रात ते येत नाही. यायची जागाच नसते. पत्रात येतं ते दगड कुठला, मॉडेल केव्हा पाठवणार, अमुक शिल्पकाराचं नाव वरून सुचवलंय.

आणि मग ही माणसं एकेक करून गेली. क्युबिट १८६३ मध्ये, काम नीट सुरू व्हायच्या आत. ईस्टलेक १८६५ मध्ये. डर्बी १८६९, क्लॅरेंडन १८७०. ग्रेही १८७० मध्येच. जुलै १८७२ मध्ये राणी स्मारक बघायला आली तेव्हा तिने सुरुवातीला नेमलेल्या चौघांपैकी एकही हयात नव्हता. शिल्पकारांचंही तसंच. मधल्या पुतळ्याचं काम राणीच्या मर्जीतल्या मारोकेटीला दिलं होतं, त्याची मॉडेलं पसंत पडली नाहीत, पुन्हा कर म्हटलं, आणि १८६७ च्या अखेरीस तोच गेला. मग ते फोलीकडे आलं, जॉन हेन्री फोली, आयरिश, फार मोठ्या हाताचा माणूस, आणि तोही १८७४ मध्ये गेला, पुतळा पुरा होऊन बसलेला न बघता. त्यामुळे १८७२ मध्ये जेव्हा सगळा पडदा बाजूला झाला, सोनेरी मनोरा, मोझेक, संगमरवरी माणसांची रांग, तेव्हा मधली जागा रिकामी होती. पुतळा नव्हताच. अल्बर्ट तिथे येऊन बसला तो १८७६ मध्ये, हातात १८५१ च्या प्रदर्शनाचा कॅटलॉग घेऊन.

ती मधली तीन-चार वर्षं, रिकाम्या जोत्यावर धरलेली एवढी मोठी छत्री, माझ्या मते तेव्हाच ते स्मारक सगळ्यात खरं असणार.

स्कॉटच्या घरी त्याच वर्षी काय झालं ते सांगायलाच हवं. फेब्रुवारी १८७२ मध्ये त्याची बायको कॅरोलीन गेली. ही साधी बाई नव्हती. तरुणपणी स्कॉटला आपल्या पार्टनरपासून वेगळं व्हायचं होतं पण तोंडावर सांगायची हिंमत होईना, तेव्हा एक दिवस तीच ऑफिसात जाऊन पार्टनरला सांगून आली की आता वेगळे होताय. त्यानंतरचं त्याचं सगळं करिअर त्या एका दुपारवर उभं आहे म्हटलं तरी चालेल. तिच्या जाण्यानंतर पाच महिन्यांनी स्मारक उघडलं, ऑगस्टमध्ये राणीने त्याला सर केलं. ज्या बाईने नवऱ्यासाठी दहा वर्षं सोन्याची मेघडंबरी बांधून घेतली, तिच्यासमोर किताब घ्यायला वाकलेला माणूस स्वतः नुकता विधुर झालेला. कुणी कुणाशी त्याबद्दल बोललं असेल का? मला वाटतं नसेल.

आर्किटेक्ट म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. वरचा मनोरा लोखंड आणि शिशाचा, कित्येक टन वजनाचा, आणि तो चार बाजूंच्या कमानींच्या मध्यावर उभा. नुसत्या दगडी कमानींना ते झेपणारं नव्हतं. म्हणून आत लोखंडी पत्र्यांचा एक अधिक चिन्हाच्या आकाराचा पोकळ गर्डर टाकलाय, एका इंजिनिअरकडून डिझाइन करून घेतलेला, खालून अजिबात दिसत नाही. जमिनीखालीसुद्धा शेकडो विटांच्या कमानी आहेत, पायऱ्यांचा सगळा डोंगर त्यांच्यावर पेललाय. शंभरेक वर्षांनी शिशाच्या सांध्यांतून पाणी आत गेलं, लोखंड गंजलं, वरून तुकडे पडायला लागले, आणि १९९० च्या दशकात बरीच वर्षं ते पूर्ण मचाणाआड होतं, १९९८ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा सोन्यात उघडलं. पाण्याला वाट दिसली की ते थांबत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वाड्याचा मालक सांगेल.

बहीण लंडनला असते त्यामुळे मी दोनदा तिथे जाऊन बघून आले. पहिल्यांदा मला ते आवडलं नाही हे प्रामाणिकपणे सांगते. एवढं सगळं! एकही जागा मोकळी नाही, प्रत्येक इंचावर काहीतरी सांगितलंय. दुसऱ्यांदा मी ठरवून फक्त खालची पट्टी बघितली. जोत्याभोवती १६९ संगमरवरी माणसं आहेत, कवी, संगीतकार, चित्रकार, शिल्पकार, आर्किटेक्ट, जवळजवळ सगळे पुरुष. उत्तरेच्या बाजूला आर्किटेक्ट. तिथे प्यूजिन, गॉथिकचा कट्टर पुरस्कर्ता इंग्रज आर्किटेक्ट, उभा आहे, आणि त्याच्या मागे, उठाव कमी ठेवून कोरलेला, अर्धा झाकलेला एक चेहरा, तो स्कॉट. जगातल्या थोरांच्या रांगेत स्वतःला ठेवलं पण मागे, दुसऱ्याच्या खांद्याआड. मी जवळजवळ पंधरा मिनिटं त्या चेहऱ्यासमोर उभी होते, थंडीने बोटं बधिर झाली तरी, आणि बहीण बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत माझी वाट बघत होती.

मग कोपऱ्यावरचा आशिया. चार कोपऱ्यांवर चार खंड आहेत, आशियाचा गट त्याच फोलीने केलाय. मध्ये बसलेला हत्ती, त्यावर एक स्त्री अंगावरचं वस्त्र बाजूला सारतेय, भोवती पुरुष, त्यात आपल्याकडचा एक योद्धा. कोरलंय इतकं सुंदर की हत्तीच्या सोंडेवरच्या सुरकुत्या हाताला लागतील असं वाटतं. पण माझ्या देशाचा माणूस तिथे बघताना मला एकही ओळखीचा चेहरा सापडेना. तो कुठलाच नाही. पंजाबी नाही, मराठा नाही, राजपूत नाही, लंडनमध्ये बसून कल्पनेने केलेला "भारतीय" आहे तो. मला राग नाही आला, वाईट वाटलं. एवढी पत्रं लिहिली गेली त्या स्मारकासाठी, पण मला वाटतं त्यातलं एकही पत्र त्या माणसाला कधी लिहिलं गेलं नसेल.

आणि इथे मला मुंबई आठवली.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईत पैशाचा पूर आला, त्याच पुरात प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला लायब्ररीसाठी २ लाख आणि टॉवरसाठी २ लाख रुपये दिले, टॉवरला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं ठरलं. कॉन्व्होकेशन हॉलसाठी सर कावसजी जहांगीर यांनी १ लाख दिले. डिझाइन स्कॉटकडे. १८६५ मध्ये बाजार कोसळला, प्रेमचंद स्वतः बुडाले, पण दिलेला पैसा विद्यापीठाकडे राहिला. राजाबाईंना दिसत नसे, टॉवरच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने हे केलं असं लोक सांगतात. तेव्हा हेही स्मारकच, फक्त जिवंत आईसाठी, ऐकायचं स्मारक. आणि उंचीने लंडनच्यापेक्षा शंभर फुटांनी जास्त, २८० फूट.

ड्रॉइंग बोटीने यायची. सुएझ कालवा उघडला तो नोव्हेंबर १८६९ मध्ये, टॉवरची पायाभरणी झाली त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे सुरुवातीची सगळी कागदपत्रं अलेक्झांड्रियाला उतरून, रेल्वेने सुएझला जाऊन, तिथून पुन्हा बोटीत चढून आलेली. इकडून शंका विचारली आणि तिकडून उत्तर आलं यात किती आठवडे जात असतील विचार करा. साइटवरचा पाथरवट छिन्नी हातात घेऊन तेवढे आठवडे थांबून राहत नाही. कुणीतरी तिथल्या तिथे ठरवावं लागतं. आणि ज्यांनी ठरवलं त्यातलं एक नाव आपल्याला माहीत आहे, रावबहादूर मुकुंद रामचंद्र, असिस्टंट इंजिनिअर. टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत, त्यांची मॉडेलं या माणसाने केली. रस्त्यावरून जाताना मान वर करून बघितलं तर दिसतात, पगड्या, मुंडाशी, उपरणी, प्रत्येकाची पगडी बांधायची पद्धत वेगळी. ती लंडनहून कशी येणार? ती मुंबईत रोज बघणाऱ्यालाच माहीत. कुर्ल्याचा पिवळसर दगड, कोरीव कामाला पोरबंदरचा, आणि त्यात आपल्या गल्लीतली माणसं. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, सरांनीही नाही, स्कॉटचं नाव मात्र परीक्षेत आलं.

म्हणून मला राजाबाई जास्त जवळचा वाटतो आणि हे फक्त आपलेपणामुळे नाही. लंडनमध्ये प्रत्येक रिकामी जागा पत्र पाठवून भरता येत होती, कारण उत्तर दोन दिवसांत मिळायचं. मुंबईत ती सोय नव्हती. पाठवणाऱ्याला जागा सोडावी लागली आणि घेणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी भरली. स्कॉट मार्च १८७८ मध्ये गेला, टॉवर पुरा झाला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, त्याने तो कधी बघितला नाही, आणि मुकुंद रामचंद्रांनी त्याला कधी बघितलं नाही.

जाता जाता, अल्बर्टचं एक स्मारक मुंबईतही आहे. भायखळ्याला राणीबागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये, मूळचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, तेही १८७२ मध्येच उघडलं. आत शिरलं की मॅथ्यू नोबलने केलेला अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, डेव्हिड ससून यांनी दिलेला. त्याच्यासमोर उभं राहिलं तर भोवती काचेच्या कपाटांत मातीची छोटी छोटी माणसं आहेत, मुंबईतली, धंदा-जात-पोशाख ओळखता येईल अशी. मुलांना घेऊन जा, लहान मुलं पुतळ्याकडे बघत नाहीत, सरळ कपाटांकडे धावतात.

तर सातव्या पत्राचं उत्तर. मी तीन दिवस घेतले. कळसाबद्दल लिहिलं की उंच करता येईल पण शेजारच्या दोन छत्र्यांपेक्षा उंच करू नये अशी माझी विनंती आहे, त्या आईसाहेबांच्या सासूबाई आणि आजेसासूबाईंच्या आहेत. दगडाबद्दल लिहिलं की नदीपलीकडच्या खाणीतला काळा बेसाल्टच ठेवू, जोत्याचा आणि वरचा रंग वेगळा झाला तर पावसाळ्यात ते दोन तुकडे दिसतील. मूर्तीबद्दल काही मत दिलं नाही. त्याऐवजी विचारलं, आईसाहेब दुपारी कुठे बसायच्या? घरातल्या ज्यांनी त्यांचं शेवटच्या वर्षांत केलं त्यांच्याशी मला बोलता येईल का? आणि पाथरवट काकांना फोन करून सांगितलं की खांबाच्या वरच्या पट्टीवर मी ड्रॉइंगमध्ये वेल काढली होती ती खोडतेय, सहा इंचांची पट्टी कोरी सोडतेय, तिथे काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, पण मग बिलात काय लिहू?"

मी म्हटलं तुमचं नाव लिहा, मजुरी आधी ठरली तीच. काल घराण्याकडून आठवं पत्र आलं, या वेळी हाताने लिहिलेलं, मोडीचं वळण असलेल्या बारीक अक्षरात, आईसाहेबांच्या धाकट्या नणंदेचं. वय नव्वदीच्या पुढे. चार पानं आहेत. पहिल्या पानावर फक्त मागच्या अंगणातल्या कडुनिंबाखालच्या दगडी बाकाचं वर्णन आहे, तो कुठल्या बाजूने झिजलाय त्यासकट. उरलेली तीन पानं आज रात्री वाचायची आहेत.